गहू शंभर टक्के बंद, बाकीचं ताट मोकळं

कागलच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सहा वर्षांचा. दीड वर्ष पातळ जुलाब, पोट नगाऱ्यासारखं आणि हातापायाच्या काड्या. वजन 14 किलो, उंची 105 सेंटिमीटर, हिमोग्लोबिन 7.8. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली. शेवटी रक्तात टीटीजी (या आजारात वाढणारी प्रतिपिंडं) वाढलेलं निघालं, एंडोस्कोपी आणि बायोप्सी झाली आणि सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं खराब होतं त्या आजाराचं, निदान झालं. डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला, त्याला तीन महिने झाले. ताई लिहितात, "वजन जेमतेम पाऊण किलो वाढलंय. दूध, केळी, डाळी, तिखट, तेलकट सगळं बंद केलंय. सासूबाई म्हणाल्या खपलीत ग्लुटेन नसतं, म्हणून एक वेळ खपलीची चपाती देतो. आता आणखी काय बंद करू? आणि हे पथ्य किती दिवस पाळायचं? मोठ्या मुलीलाही तेच सुरू करू का?"

ताई, आणखी काहीही बंद करू नका. उलट बंद केलेल्यातलं बरंचसं सुरू करा आणि जे एक सुरू ठेवलंय ते आजपासून थांबवा. ते एक म्हणजे खपली.

मी कोल्हापुरात लहान मुलांच्या आहाराचं काम करते, त्याला आता 22 वर्षं झाली. गव्हाचं पथ्य असलेली जी मुलं वजन धरत नाहीत, त्यांच्या घरी बहुतेक वेळा हेच चित्र दिसतं. दहा पदार्थ उगाच बंद असतात आणि जो बंद असायला हवा तो कुठल्यातरी वाटेनं पोटात जात असतो. पथ्य जितकं कडक तितका गुण लवकर, असं आपल्याकडे मानतात. सिलिअ‍ॅकमध्ये एकाच ठिकाणी कडक राहायचं असतं, पण तिथे मात्र कणभरही सूट नसते.

आधी खपलीचं बघू. खपली हा गहूच आहे, जुन्या जातीचा. शिरोळ-सांगलीकडे तो पिकतो, त्याची खीर सुंदर होते, मधुमेहाच्या रुग्णांना तो सुचवला जातो. त्यामुळे "खपली पचायला हलका" हे वाक्य घरोघरी झालंय आणि त्याचंच पुढे "खपलीत ग्लुटेन नाही" असं झालं. ते खरं नाही. खपली, बन्सी, लोकवन, सिहोर, सगळ्यांत ग्लुटेन आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया हे सगळं गव्हाचंच. जवातही तसंच प्रथिन असतं, म्हणून सातूचं पीठ नाही आणि दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी नाहीत. ओट्समध्ये गव्हाची भेसळ होते, म्हणून निदान पहिलं वर्षभर तेही नकोत. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांनी नातवाच्या काळजीपोटीच सांगितलंय. पण ही चपाती बंद झाल्याशिवाय आतडं भरून येणार नाही.

थोडं चाललं तर काय होतं, हे आकड्यात सांगते. एका मध्यम चपातीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते आणि त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तर सिलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या आतड्याला पुन्हा इजा होते, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. म्हणजे एका चपातीचे पन्नास तुकडे करा आणि त्यातला एक रोज द्या. तेवढा पुरे आहे. 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा नियम आहे तो त्यामुळेच.

हा आजार पचनशक्ती कमी असण्याचा नाही, आणि ही ॲलर्जीही नाही. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, चरबी सगळं तिथून शोषलं जातं. ते झिजून सपाट होतात, म्हणून मूल खातं पण अंगी लागत नाही. लोहाचं टॉनिक वर्षभर देऊनही हिमोग्लोबिन का चढत नव्हतं, त्याचं कारण हेच. ग्लुटेन पूर्ण थांबलं की हे उंचवटे पुन्हा वाढतात. मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा लवकर वाढतात, पण महिने जातात.

आता दूध, केळी, डाळी. मूळ लढा गव्हाशी असताना बाकी सगळ्यावर संशय घेण्याची चूक पूर्वी नामांकित डॉक्टरांनीही केली आहे. अमेरिकेतले डॉ. सिडनी हास यांनी 1924 साली या मुलांना केळ्यांचा आहार दिला. सगळी धान्यं बंद, बटाटाही बंद, आणि दिवसाला अनेक केळी. मुलं सुधारली, आणि केळ्यात औषध आहे असं जगाला वाटलं. खरं तर पाव थांबला होता म्हणून ती सुधारली होती. बरी झाली म्हणून पुन्हा पाव सुरू झाला की ती परत आजारी पडायची. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना 1930 च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला आणि ही मुलं त्या हालातही बरी राहिली. 1950 साली त्यांनी प्रबंध लिहून ते मांडलं. म्हणजे त्यांनी बाकीचं अन्न निर्दोष ठरवलं. मला त्यांच्या कामातली हीच बाजू जास्त मोलाची वाटते.

केळी आजच द्या. मूग, मसूर, तूर, मटकी, हरभरा द्या, सुरुवात वाटीभर मुगाच्या वरणाने करा. तेल-तूप तर औषधासारखं द्या. सहा वर्षांच्या मुलाचं वजन सर्वसाधारण 20 किलोच्या आसपास असतं, तुमच्याला पाच-सहा किलोचं अंतर कापायचं आहे आणि ते फिक्या भातावर कापलं जाणार नाही. घरचं बेताचं तिखट घातलेल्या आमटीने आतड्याला काही होत नाही.

दुधाचं थोडं वेगळं आहे. ज्या उंचवट्यांची झीज होते त्यांच्या टोकालाच दुधातली साखर पचवणारा पाचक रस तयार होतो. म्हणून सुरुवातीला काही मुलांना दुधाने पोट फुगतं, जुलाब होतात. हे तात्पुरतं असतं. सध्या दही आणि ताक द्या. महिना-दोन महिने गव्हाचं पथ्य खरोखर निर्दोष पाळल्यावर अर्धा कप दूध देऊन बघा, बहुतेकांना ते सोसतं. गंगावेशेतलं धारोष्ण दूध आपल्या सगळ्यांच्या आवडीचं, पण या मुलाला दूध उकळूनच द्यायचं.

आता स्वयंपाकघर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या हातून एकदा इथेच राहून गेलं होतं.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे शिवाजी पेठेतली एक नऊ वर्षांची मुलगी होती. निदान पक्कं, आई अतिशय काटेकोर, घरात मुलीला चपातीचा तुकडा नाही. तरी आठ महिन्यांनी टीटीजी जवळजवळ होतं तिथेच. मी दर वेळी विचारायचे, काय काय खाल्लं? ती वहीत लिहून आणायची आणि वहीत चूक सापडायची नाही. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात बसले. आईने शाळूचं पीठ परातीत घेतलं, गरम पाण्याने मळलं, गोळा केला. भाकरी थापायच्या आधी तिचा डावा हात आपोआप ओट्यावरच्या छोट्या स्टीलच्या डब्याकडे गेला. चिमूटभर कोरडं पीठ तिने परातीत भुरभुरलं, वर गोळा ठेवला आणि थापायला लागली. मी विचारलं, "हे कशाचं पीठ?" ती म्हणाली, "लावायचं पीठ, कणीकच." आणि तिचा हात तिथेच थांबला. चपातीला लावायचं पीठ आणि भाकरीला लावायचं पीठ एकाच डब्यातलं होतं. रोज दोन वेळा, आठ महिने. ती माउली रडली, आणि चूक तिची नव्हती. मी आठ महिने फक्त 'काय खाल्लं' विचारलं, 'कसं केलं' हे कधी विचारलंच नाही. डबा बदलला, पुढच्या सहा महिन्यांत टीटीजी झरझर उतरलं.

तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगते की मुलाच्या भाकरीची परात, तवा, चाळण, पोळपाट-लाटणं आणि पिठाचा डबा वेगळा ठेवा. चाळण तर नक्कीच, तिच्या जाळीतून कणीक कधीच पूर्ण निघत नाही. जमलं तर सगळ्यांच्या चपात्या होण्याआधी मुलाची भाकरी करा, कारण कणीक चाळताना उडालेलं पीठ ओट्यावर बसतंच. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात त्याचे पापड तळू नका. बाकीची स्टीलची भांडी घासली की झालं, ती नवी आणायची गरज नाही. आणि कणकेचा गोळा खेळायला द्यायचा नाही, पोरं तो तोंडात घालतातच.

त्यानंतर गिरणी. कोपऱ्यावरच्या गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. दगडांत आणि पीठ उतरतं त्या कापडी पिशवीत त्याची कणीक राहते, आणि तुमच्या शाळूच्या दळणात पहिल्यांदा तीच उतरते. आधी दोन किलो तांदूळ दळून ते पीठ घरातल्या बाकीच्यांना ठेवायचं, मग शाळू दळायचा, याने भेसळ कमी होते. पण जात नाही. घरघंटी परवडत असेल तर या आजारात ती चैन नव्हे. नसेल परवडत, तर घरच्या मिक्सरला थोडं थोडं दळा आणि बारीक चाळा. भाकरी जरा जाडीभरडी होईल, चालेल. शाळू, तांदूळ, नाचणी लक्ष्मीपुरीतून आणा नाहीतर गावाकडून, पण ताटात पसरून निवडायची. एका पोत्यावरून दुसऱ्या पोत्यात गव्हाचे दाणे पडतात. निवडून, धुऊन, वाळवून मगच दळायची.

तिसरी जागा म्हणजे हिंग. बाजारातलं डबीतलं हिंग हे शुद्ध हिंग नसतं, त्यात पीठ मिसळलेलं असतं आणि पुष्कळदा ते गव्हाचं असतं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भिंग घेऊन वाचा. तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं, नाहीतर वर्षभर हिंगाशिवाय फोडणी द्या. कांदा-लसूण मसाला घरी कुटून घेत असाल तर त्यात कोणतं हिंग पडलं ते आठवून बघा. विकतच्या थालीपीठ भाजणीत बहुतेक गहू असतो. मिसळीच्या कटापेक्षा फरसाणाची आणि पावाची भीती धरायची, आणि रंकाळ्यावरच्या भेळेत चुरमुरे चालतात पण पुरी मैद्याची असते. हॉटेलातली भाकरीसुद्धा विचारल्याशिवाय नको, चिकटपणा यावा म्हणून काही ठिकाणी तिच्यात कणीक मिसळतात.

मग द्यायचं काय? ताई, या आजारासाठी कोल्हापूर फार चांगली जागा आहे. भाकरी आपली, भात आपला, आजऱ्याचा घनसाळ, चंदगडकडची नाचणी, गूळ, शेंगदाणे, सगळं ग्लुटेनविरहित. सकाळी नाचणीची आंबील ताक घालून आणि एक उकडलेलं अंडं. डब्याला तांदळाची घावनं, डोसा, शेंगदाणे घातलेले पोहे, किंवा लोणी आणि गूळ घालून केलेला भाकरीचा लाडू. दुपारी भात, आमटी, वर तूप, एखादी पालेभाजी आणि लिंबू. संध्याकाळी शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा राजगिऱ्याची वडी. घरी मटण होतं त्या दिवशी तिखट पडण्याआधीचं अळणी काढून ठेवा आणि त्यातले मऊ तुकडे त्याला द्या, असं सहज अंगी लागणारं लोह भाज्या-डाळींत नाही. घरचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, खसखस आणि काजूचा, तो खुशाल द्या. उपवासाचं बहुतेक सगळं चालतं: वरी, राजगिरा, शिंगाडा. साबुदाण्याने पोट भरेल एवढंच, त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं.

शहरातून मागवलेली 'ग्लुटेन फ्री' बिस्किटं आणि पाव यांच्यामागे लागू नका. महाग असतात, त्यात पिष्ट, साखर आणि तेलच जास्त असतं, आणि आपल्या भाकरीपुढे त्यांना काही अर्थ नाही. वाढदिवसापुरती ठीक.

लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फोलिक आम्ल, बी 12 आणि झिंकची कमतरता या मुलांत असते. 7.8 हिमोग्लोबिन नुसत्या पालक-बीटने भरून निघत नाही. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं असेल तर आहार सुरू झाला म्हणून ते थांबवू नका. आतडं सावरू लागलं की तेच औषध आता गुण देईल.

बाहेरचं जग सांभाळणं आईला जास्त जड जातं. शिक्षकांना चिठ्ठी नको, प्रत्यक्ष जाऊन भेटा. "गव्हाने याचं आतडं खराब होतं" एवढं एकच वाक्य सांगा, ते लक्षात राहतं. सहा वर्षांचं मूल "मला गहू चालत नाही" हे म्हणू शकतं. त्याला घरी दोन-चारदा म्हणायला लावा. सत्यनारायणाचा शिरा आला तर प्रसाद कपाळाला लावून आईच्या हातात द्यायचा, हे माझ्याकडची कितीतरी मुलं न कुरकुरता करतात. घरी पूजा असेल तर वरीचा शिरा सगळ्यांसाठीच करा. जत्रेच्या महाप्रसादातली गव्हाची खीर मात्र नाही. घरी घनसाळची, गूळ-खोबरं घातलेली खीर करून न्या. पुरणपोळीच्या सणाला पुरण तर हरभऱ्याचंच आहे. तांदळाच्या उकडीत भरून त्याची दिंडं करा, त्याच्या पानात काही कमी पडणार नाही.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," असं घरात कुणीतरी म्हणेलच. त्यांच्या लहानपणी इथे रोजच्या ताटात भाकरी आणि भात होता, चपाती सणावाराला. आणि तेव्हा ही रक्ततपासणी नव्हती, अशा मुलांना मूडदूस किंवा 'अंगी लागत नाही' एवढंच म्हणत. दिल्ली परिसरातल्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण 100 माणसांमागे एकाला हा आजार निघाला होता, म्हणजे तो इतका दुर्मीळ नाही.

किती दिवस, या प्रश्नाचं उत्तर मी गोड करून सांगणार नाही. आयुष्यभर. तो बरा दिसू लागेल, वजन वाढेल, आणि एक दिवस लग्नात कुणीतरी जिलेबी भरवेल आणि त्याला काहीही होणार नाही. तो दिवस फसवा असतो. आतड्याची झीज पोटात न दुखताही होते, आणि वर्षानुवर्षं झाली तर रक्त कमी, हाडं ठिसूळ, वयात येणं लांबतं, आणि क्वचित पुढे आतड्याचा कर्करोगही होतो. आठवी-नववीतली मुलं पथ्य मोडतात ते "खाल्लं तरी काही होत नाही" म्हणूनच. त्याला आतापासून कारणासह सांगत चला.

सुधारणा कशी ओळखायची? आधी किरकिर कमी होते. मूल खेळायला लागतं, हसतं. कित्येक आया मला हेच पहिल्यांदा सांगतात. मग काही आठवड्यांत जुलाब थांबतात आणि भूक लागते. वजन त्यामागून, उंची सगळ्यात शेवटी. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत तारीख घाला. टीटीजी पहिल्या वर्षी तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. ते सावकाश उतरतं, वर्ष-दोन वर्षंही लागतात, पण दिशा खाली हवी. सहा महिने पथ्य बिनचूक पाळूनही जुलाब आणि वजन तसंच राहिलं तर पोटाच्या डॉक्टरांकडे परत जा. आतड्याचा क्षयरोग किंवा क्रोन्ससारखे आजार शोधावे लागतात आणि ते गहू सोडून बरे होत नाहीत. पायावर सूज, सतत उलट्या, भरपूर जुलाब, मूल मलूल, यातलं काही दिसलं तर मात्र दिवस न मोजता थेट दवाखान्यात भरती करा.

राहिली मोठी मुलगी. सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून तिची आणि तुम्हा दोघांचीही टीटीजी तपासणी करून घ्या, ती ठणठणीत दिसत असली तरी. पण तिला पथ्य आत्ता सुरू करू नका. गहू बंद असताना केलेली तपासणी खोटी 'नॉर्मल' येते आणि मग पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालून ती करावी लागते. रक्त देऊन रिपोर्ट हातात पडेपर्यंत तिला रोजची चपाती वाढत राहा, फक्त भावाच्या पोळपाटावर लाटू नका.